वडिलांच्या रक्तात ‘एम प्रोटीन’ सापडलं. आता आम्ही भावंडांनीही तपासून घ्यायचं का?

पानगळ
एरवी मी वाचनमात्र असते, पण आता राहवत नाही म्हणून धागा काढते आहे.

वडील ७१ वर्षांचे. पायांना मुंग्या येतात म्हणून रक्त तपासलं, तर एकूण प्रथिनं जास्त निघाली. मग इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी झाली. त्यात ‘एम प्रोटीन ०.९ ग्रॅम प्रति डेसिलिटर, आयजीजी कप्पा’ (हा अँटिबॉडीचा एक प्रकार) असं आलं. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन सगळं ठीक. फ्री लाइट चेनचं, म्हणजे अँटिबॉडीच्या सुट्या तुकड्यांचं, गुणोत्तर १.३. डॉक्टर म्हणाले, याला एमगस म्हणतात, हा कॅन्सर नाही, सहा महिन्यांनी परत या. पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

घरी येऊन नेटवर शोधलं तर पहिलंच वाक्य ‘मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाची पूर्वावस्था’. तेव्हापासून झोप नाही. बाबा मात्र निवांत आहेत.

दोन प्रश्न आहेत. हे कशामुळे झालं? बाबांनी तीसेक वर्षं शेतात स्वतः फवारणी केली आहे, तोंडाला नुसता रुमाल बांधून. आणि दुसरं, हे रक्ताच्या नात्यात येतं का? मी ४४ ची, भाऊ ४१ चा. आम्ही तपासून घ्यावं का?

टाचणी
काळजी घ्या ताई. मला यातलं शून्य कळतं, पण पूर्ण नाव शोधलं, ‘मोनोक्लोनल गॅमोपथी ऑफ अनडिटरमाइन्ड सिग्निफिकन्स’. म्हणजे ‘महत्त्व अद्याप ठरायचं आहे’. ऑफिसात माझ्या पदाचंही नेमकं हेच वर्णन आहे.

उंटावरचा शहाणा
फवारणीच. लिहून ठेवा. दुसरं काही कारण असूच शकत नाही.

मोजपट्टी
पॅथॉलॉजीत २२ वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. उपचारांचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी बनवतात. निरोगी माणसात त्यांची असंख्य घराणी असतात आणि प्रत्येक घराण्याची अँटिबॉडी वेगळी. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात त्या भागात एक बुटकी, पसरट टेकडी दिसते. एकाच पेशीची पिल्लावळ वाढली की त्या सगळ्या एकच एक अँटिबॉडी ओततात आणि टेकडीवर सुळका उभा राहतो. तो सुळका म्हणजे तुमचं एम प्रोटीन. ते ३ ग्रॅमच्या खाली, बोन मॅरोत (हाडांच्या आतल्या मगजात) अशा पेशी १० टक्क्यांच्या खाली आणि शरीराला कसलीही इजा नाही, तर एमगस. इजा म्हणजे कॅल्शियम वाढणं, मूत्रपिंड बिघडणं, रक्त कमी होणं, हाडांना भोकं पडणं. या चौघांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘क्रॅब’ होतो.

हे दुर्मीळ अजिबात नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका परगण्यात पन्नाशीपुढच्या तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये त्याचे आकडे आले. पन्नाशीपुढे ३.२ टक्के, सत्तरीपुढे ५.३ आणि पंचाऐंशीपुढे ७.५ टक्के लोकांत हा सुळका होता. त्यातल्या बहुतेकांना तो असल्याचा पत्ताही नव्हता. सत्तरीपुढच्या वीस जणांच्या रांगेत एखाद्याला हे असणारच.

आता ‘कशामुळे’. सगळ्यात मोठं कारण वय, त्याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त. आफ्रिकी वंशाच्या लोकांत दोन ते तीन पट, शिवाय कमी वयात. मग रक्ताचं नातं, लठ्ठपणा, काही रसायनं, किरणोत्सर्ग. पण यातलं वय, लिंग, वंश आणि आईवडील निवडून घ्यायची सोय नाही.

घुबड
क्रॅब म्हणजे खेकडा, आणि आपल्या कर्करोगातला कर्कही खेकडाच. दोन भाषांत एकच प्राणी बदनाम.

भिंगरी
मोजपट्टी, माहिती चांगली आहे, पण ‘हा कॅन्सर नाही’ या वाक्याचा मला राग आहे. माझ्या मावशीला हेच सांगितलं होतं. ‘काही नाही हो, वयानुसार असतं.’ तीही विसरली, आम्हीही विसरलो. नऊ वर्षांनी पाठ दुखायला लागली, वर्षभर मलम चोळलं, आणि मग मणका खचलेला निघाला. मायलोमा. दरवर्षी कुणी रक्त बघितलं असतं तर? घाबरवायचं नाही म्हणून माणसाला बेसावध ठेवायचं, हे कुठलं औषध?

मोजपट्टी
भिंगरी, राग रास्त आहे. याला पूर्वी ‘बिनाइन’ म्हणजे निरुपद्रवी म्हणत. रॉबर्ट काइल या डॉक्टरांनी असे रुग्ण वर्षानुवर्षं बघितले आणि सगळेच निरुपद्रवी राहत नाहीत हे लक्षात आल्यावर १९७८ मध्ये हे अवघड नाव दिलं. टाचणी यांनी ज्याची थट्टा केली तो ‘महत्त्व ठरायचं आहे’ हा खरं तर त्या नावातला प्रामाणिकपणा आहे.

पुढे जाण्याचा धोका ढोबळमानाने वर्षाला १ टक्का, आणि तो काळाबरोबर विझत नाही. काइल यांच्याच १३८४ रुग्णांच्या पाहणीत मायलोमा किंवा तत्सम आजाराचा धोका १० वर्षांत १० टक्के, २० वर्षांत १८, ३० वर्षांत २८ असा निघाला. पंधरा वर्षं काही झालं नाही म्हणून सुटलो, असं म्हणता येत नाही. पण हाच आकडा उलटा वाचा. वीस वर्षांनीही बहुतेकांना काही झालेलं नसतं.

आणि २००९ च्या दोन अभ्यासांत आधीपासून साठवून ठेवलेलं रक्त तपासलं, तेव्हा मायलोमा झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या जुन्या नमुन्यात हा सुळका होता. मायलोमाच्या आधी एमगस असतंच म्हणा ना. एमगसनंतर मायलोमा मात्र क्वचित.

पानगळ
शेवटची दोन वाक्यं भावाला पाठवली. तो म्हणतो, ‘म्हणजे पाऊस पडायच्या आधी ढग असतातच, पण प्रत्येक ढगातून पाऊस नाही.’ बाबांना हे पटलं, ते शेतकरी आहेत. मला अजून पटायचं आहे.

फवारणीचं कुणी नीट सांगेल का?

अबोली
मी संशोधन क्षेत्रात आहे, वैद्यकीय नाही, पण हे पेपर वाचले आहेत.

उंटावरचे शहाणे, तुमचा नेम अगदीच चुकलेला नाही, फक्त खात्री जास्त झाली. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनामधल्या, कीटकनाशकं हाताळणाऱ्या ६७८ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. त्यांच्यात एमगसचं प्रमाण मोजपट्टींनी सांगितलेल्या मिनेसोटाच्या पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट, १.९ पट निघालं. सगळीच औषधं सारखी दोषी नव्हती. डिएल्ड्रिन आणि क्लोरोथॅलोनिल यांच्याशी संबंध दिसला, पुष्कळ औषधांशी दिसला नाही.

व्हिएतनाम युद्धात विमानातून ‘एजंट ऑरेंज’ हे तणनाशक फवारणाऱ्या अमेरिकी सैनिकांचं साठवलेलं रक्तही नंतर तपासलं गेलं. त्यांच्यात ७.१ टक्के, आणि तिथेच पण फवारणीच्या कामावर नसलेल्यांत ३.१ टक्के. तसंच न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडल्यावर त्या धुळीत काम केलेले अग्निशामक जवान, त्यांच्यात १.८ पट. तीन वेगवेगळ्या ठिकाणी साधारण दुप्पट, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

उंटावरचा शहाणा
बघा! मी पहिल्यापासून तेच सांगत होतो.

घुबड
उंटावरून उतरा जरा. दुप्पट म्हणजे किती? शंभरात तीनाचे सहा. उरलेल्या चौऱ्याण्णव जणांनीही तेवढीच फवारणी केली आणि त्यांना काही झालं नाही. आणि फवारणी न करताही तिघांना झालंच. मग पानगळताईंचे बाबा त्या सहांतल्या कुठल्या तिघांत मोडतात, हे कुठली लॅब सांगणार? समूहाच्या धोक्यावरून एका माणसाचं कारण काढता येत नाही.

अबोली
+१. हे मी लिहायला हवं होतं. फक्त एवढंच, ‘सिद्ध करता येत नाही’ म्हणून जे अजून फवारतात त्यांनी मुखवटा, हातमोजे वापरू नयेत असं होत नाही.

रानवारा_७
रक्त शुद्ध करणारं एक खात्रीचं औषध माहीत आहे. कुणाला हवं असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टाचणी
रानवारा, त्यांचं रक्त अशुद्ध नाही. त्यात एकच अँटिबॉडी जरा जास्तच शुद्ध स्वरूपात आहे, हीच तर तक्रार आहे.

कोरा कागद
हा धागा चार दिवस नुसता वाचत होतो. मी स्वतः एमगसवाला आहे, सहा वर्षं झाली, आता ५८.

पानगळ, तुमच्या बाबांचे आकडे वाचून मला हेवा वाटला, खरंच. वर सगळे ‘एमगस कशामुळे होतं’ यावर बोलत आहेत, पण ज्याला झालंय त्याच्या दृष्टीने तो प्रश्न संपलेला असतो. त्याचा प्रश्न ‘पुढे सरकायचा धोका किती’. ती कारणं वेगळी, आणि ती बरीचशी तुमच्या हातातल्या कागदावरच छापलेली असतात. तीन गोष्टी बघतात. एम प्रोटीन दीड ग्रॅम किंवा जास्त आहे का, प्रकार आयजीजी सोडून दुसरा आहे का, आणि फ्री लाइट चेनचं गुणोत्तर बिघडलंय का. नेहमीची हद्द ०.२६ ते १.६५.

यातलं एकही नसेल तर वीस वर्षांतला धोका ५ टक्के. एक असेल तर २१, दोन ३७, तिन्ही असतील तर ५८. तुमच्या बाबांचं ०.९, आयजीजी, १.३. म्हणजे शून्य. माझं १.८, आयजीए, गुणोत्तर बिघडलेलं. तिन्ही.

५८ हा आकडा मी ज्या रात्री वाचला ती रात्र अजून आठवते. मग पुढच्या भेटीत आमच्या बाईंनी (हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञ आहेत, फार शांत) दुसरा तक्ता दाखवला. माणूस मधल्या काळात इतर कशानेही जाऊ शकतो हे गणितात धरलं की तेच आकडे २, १०, १८ आणि २७ होतात. मी म्हणालो, ‘म्हणजे दुसऱ्या कशाने तरी मरेन ही आनंदाची बातमी?’ त्या म्हणाल्या, ‘हो, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही टाळू शकता. आधी सिगारेट सोडा.’ सोडली.

माझी बोन मॅरोची तपासणी झाली, पेशी ६ टक्के. सगळ्या अंगाचा सीटी झाला, हाडं साफ. दर सहा महिन्यांनी रक्त. सहा वर्षांत सुळका १.८ वरून १.९ वर आलाय, बस. वर्षातले पन्नास आठवडे मला आठवतही नाही. उरलेले दोन आठवडे, रक्त देण्यापासून रिपोर्ट येईपर्यंत, घरात माझ्याशी कुणी वाद घालत नाही. तेवढा फायदा.

भिंगरी
कोरा कागद, दंडवत तुम्हाला. ‘आनंदाची बातमी’ वाचून हसले आणि मग रडले.

मोजपट्टी, मी मावशीची जुनी फाइल शोधली. पहिल्या रिपोर्टात एम प्रोटीन ३.४ आहे. तुम्ही तर वर लिहिलंय ३ च्या खाली.

मोजपट्टी
मग ते एमगस नव्हतं, भिंगरी. ती पुढची पायरी, स्मोल्डरिंग मायलोमा, म्हणजे धुमसणारा. ज्वाळा नाहीत, पण निखारा आहे. त्यात पहिली पाच वर्षं धोका वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास, पुढची पाच वर्षं ३ टक्के, आणि त्यानंतर एमगससारखा १ टक्का. त्यांना ‘वयानुसार असतं’ म्हणून सोडून द्यायला नको होतं. नियमित पाहणी व्हायलाच हवी होती. याहून जास्त मी इथे बसून बोलणं बरोबर नाही.

भिंगरी
तेव्हाच कुणी हा फरक सांगितला असता तर बरं झालं असतं. असो. धन्यवाद.

सुईदोरा
वजनाबद्दल कुणीच बोलत नाही! हातातलं तेवढं एकच तर आहे.

अबोली
बरोबर. लठ्ठपणाचा संबंध दोन्हीकडे दिसतो, एमगस असण्याशीही आणि एमगसचा मायलोमा होण्याशीही. अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये तसं दिसलं होतं. पण वजन उतरवलं म्हणजे सुळका उतरतो असा अर्थ काढू नका. वजन उतरवायला इतर कारणं काय कमी आहेत?

सुईदोरा
ती सगळी कारणं मला पाठ आहेत. म्हणून तर नवीन शोधत होते.

नवखा_पाहुणा
मुद्द्याचं बोला. बहीणभावाने टेस्ट करायची की नाही? मी म्हणतो सरळ करून टाका. एका सुईने काय होतं? कळलेलं केव्हाही चांगलं.

घुबड
सुईने काही होत नाही, कागदाने होतं. समजा पानगळताईंना बारीकसा सुळका निघाला. औषध? नाही. पथ्य? नाही. मग मिळालं काय? आयुष्यभराची वर्षातून एकदा धडधड, आणि विम्याच्या अर्जात ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात काय लिहायचं याचा पेच.

नवखा_पाहुणा
आणि भिंगरीताईंच्या मावशीचं काय? न कळल्याने काय झालं ते वर वाचलंत ना?

घुबड
मावशींना कळलं होतं. पाठपुरावा झाला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अबोली
तुमच्या दोघांचं भांडण आइसलंडने अख्ख्या देशावर लावून बघितलंय, थट्टा नाही. २०१६ पासून तिथे चाळिशीपुढच्या सगळ्यांना तपासणीचं आमंत्रण गेलं आणि ८० हजारांहून जास्त लोक तयार झाले, म्हणजे त्या वयाच्या निम्म्याहून अधिक जनता. ज्यांच्यात सुळका निघाला त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटावर कडक नजर, दुसऱ्यावर नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे, आणि तिसऱ्या गटाला निकाल सांगितलाच नाही.

टाचणी
सांगितलाच नाही?? आणि लोक तयार झाले?

अबोली
आधी विचारून, संमती घेऊन. कळण्याने आयुष्य वाढतं की नुसती काळजी, हे त्याशिवाय कसं कळणार? कळणारे आणि न कळणारे असे दोन्ही हवेतच. त्यात धुमसणारा मायलोमा चाळिशीपुढे साधारण दोनशेत एकाला निघाला, हेही नवीन कळलं.

कोरा कागद
मला कुणी विचारलं असतं तर मी तिसऱ्या गटात गेलो असतो असं आधी वाटलं. मग सिगारेट आठवली. माहीत नाही.

मोजपट्टी
पानगळताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणाला असेल तर धोका दोन ते तीन पट. पण तुमच्या चाळिशीत मूळ आकडाच इतका लहान की त्याचे तिप्पट करूनही लहानच राहतो. घरात एकालाच एमगस आहे म्हणून बाकीच्यांची सरसकट तपासणी करा असं सांगितलं जात नाही. घरात दोघांतिघांना एमगस किंवा मायलोमा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तज्ज्ञाशी बोलावं.

आणि एक राहून जातंय. बाबांच्या मुंग्या! एमगसमुळे नसांचा त्रास होऊ शकतो, पण तो आयजीएम प्रकारात जास्त दिसतो. तुमचं आयजीजी. सत्तरीत मुंग्यांची साधी कारणं पुष्कळ असतात. साखर आणि बी-१२ बघितलं का? सुळका सापडला की सगळे त्याच्याकडेच बघत बसतात आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

टाचणी
बघा, धाग्यावर तीसेक प्रतिसाद झाले आणि बाबांचे पाय कुणालाच आठवले नाहीत.

पानगळ
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

बाबांची साखर ठीक. बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आहेत. डॉक्टरांना तीन आकड्यांचं विचारलं, ते जरा चमकले, मग म्हणाले हो, कमी धोक्याचा गट. सहा महिन्यांनी एकदा बघू, तसंच राहिलं तर पुढे दोन-तीन वर्षांनी एकदा. यावेळी वीस मिनिटं बोलले. मला प्रश्न कोणते विचारायचे हे आधी माहीत नव्हतं, एवढाच फरक.

मी तपासणी करायची नाही असं ठरवलं. भावाने मला न सांगता करून घेतली. काही नाही निघालं. तर आता म्हणतो, ‘पण आज नाही म्हणजे उद्या होणार नाही असं थोडंच आहे?’

घुबड
:D

कोरा कागद
पानगळ, सहा महिन्यांनी त्याच लॅबमध्ये द्या. लॅब बदलली की आकडा थोडा हलतो आणि रात्री जागाव्या लागतात. अनुभव आहे. आणि सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये, तारखेप्रमाणे.

पानगळ
फाइल केली. बाबांनी वर स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘ढग’.